मंजुरी येईपर्यंत

४ नोव्हेंबर १९६६, पालघर
आजपासून तालुक्यातले लाचखोर माझ्या हाती. आमचं लाचलुचपत खातं स्वतंत्र! कोणाच्या बापाला भीत नाही. संकल्प: महिन्याभरात निदान एक मोठा मासा.

५ नोव्हेंबर
पहिली तक्रार. बेटेगावचा जिव्या. मोजणीदार लाच मागतोय. नाही दिली तर याची भातखाचरं पडीक म्हणून लावणार, आणि पडीक जमीन नव्या रस्त्यात फुकट जाणार. म्हणाला, खाचरं गेली तर आमी खावाचं काय? म्हटलं, निर्धास्त जा, मोजणीदार संपलाच समज.

८ नोव्हेंबर
मोजणीदाराला हात लावायला त्याच्याच साहेबाची मंजुरी लागते म्हणे. नुसती फॉर्मॅलिटी. अर्ज टाकला.

२१ नोव्हेंबर
जिव्या रोज येऊन पायरीवर बसतो. खोकतो. छापा कवा, एवढंच विचारतो. खात्याचं काम गुप्त असतं, असं सांगून गप्प केला.

९ डिसेंबर
साहेबाने मोजणीदाराचाच अभिप्राय मागवलाय. असो. दोन्ही बाजू ऐकाव्यात.

२० डिसेंबर
खाचरं पडीक लागली, वर खडीही पडली. जिव्या तापाने गेला. त्याची बायको ठमी सांगून गेली. फार वाईट वाटलं. केस मात्र भक्कम आहे.

२३ डिसेंबर, दुपार
पायरीवर खोकला ऐकू आला. जाऊन पाहिलं, कोणी नाही. शिपाई कमलाकांत म्हणाला, वारा असेल साहेब. वारा कधी खोकतो का, गाढवा!

२ जानेवारी १९६७
हल्ली मागच्या दाराने ये-जा करतो. गुप्ततेसाठी. आज तिथेही तो. भर उन्हात, गुडघे पोटाशी घेऊन. म्हटलं, अरे बाबा, अर्ज केलाय. तो काही विचारेचना. विचारलं असतं तर बरं झालं असतं. घाबरलो. देवाशपथ घाबरलो.

१६ जानेवारी
उत्तर आलं. मंजुरीचा विचार करण्यापूर्वी तक्रारदाराने समक्ष हजर राहावे. रोज हजर असतो, असं कळवणार होतो. कमलाकांतने हात धरला.

१९ जानेवारी
ठमी आली. पाय बांधलेली कोंबडी टेबलावर ठेवली. म्हणाली, आमाला म्हाईत नव्हता, साहेब. गावात आता सांगतात, लाचेचं मोठं हापिस हेच हाय. तुमची लाच द्यावाची ऱ्हायली, म्हणून काम नाय झाला. मी ओरडलो, समजावलं, कोंबडी तिच्याकडे परत सरकवली. घेईना. हात जोडून म्हणाली, आता तरी त्याला घरी सोडा.

कोंबडी परत करायला मंजुरी लागते का, असं वर विचारलं आहे.