डावीकडचा ब्रेकलाइट

प्रिय चिंगे,

तू माझा फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. तुझ्या जागी मीही उचलला नसता. म्हणून तुला पहिल्यांदाच पत्र लिहायला बसलोय. आजवर नोकरीत नुसते अहवाल लिहिले, तेव्हा भाषा रुक्ष वाटली तर चालवून घे. काल तू कामावर गेलेली असताना मी जावईबापूंना भेटून आलो. चहा त्यांनीच केला. कप डाव्या हाताने आणला आणि उजवा माझ्या नजरेस पडू नये म्हणून खिशात घातला. टेबलावर एक जुनं कुलूप आणि ते उघडायच्या तारा मांडलेल्या होत्या. माझ्यासमोर त्यांनी एकदा प्रयत्न केला. तार बोटांतून निसटून खाली पडली, तसे हसले आणि म्हणाले, चला, आता आपण दोघंही रिटायर. डॉक्टर म्हणतात मनगटाची नस भरून येईल, पण बोटांना पूर्वीसारखं जाणवेल याची खात्री नाही. कुलूपवाल्याचं सगळं कामच त्या जाणवण्यावर चालतं गं.

त्या मंगळवारच्या दुपारचं जे कागदावर आलंय ते मी तीनदा वाचलं. ब्रेकलाइट बंद म्हणून चौकात गाडी बाजूला घ्यायला लावली. पावती फाडून सोडता आलं असतं. पण हवालदाराने डिकी उघडायला सांगितली. आत तारा, करवत, हातोडा आणि डबाभर सुट्या किल्ल्या. त्याला घरफोड्याच सापडल्यासारखं वाटलं. त्याने हत्यारांची पिशवी रस्त्यावर उपडी केली, आणि त्यांना हे काम शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेली ती नाजूक तार उचलायला जावईबापू वाकले. तेवढंच. अहवालात लिहिलंय, ‘इसमाने हत्याराकडे हात नेला.’ मग तोच हात पाठीमागे पिरगळून त्यांना तापलेल्या बॉनेटवर दाबून धरलं. दुकानाचा परवाना त्यांच्या खिशात होता. तो बघायचं पाऊण तास कुणाला सुचलं नाही.

तो हवालदार माझा विद्यार्थी, हे तुला वकिलांकडून कळलंय. पुढचं कळलं नसेल. प्रशिक्षण केंद्रात अकरा वर्षं मी पोरांकडून हेच घोकून घेतलं, की संशयाला पुरावा नसेल तर निमित्त शोधा. दिवा, आरसा, पट्टा, तडकलेली काच. जिच्यात काहीच सापडत नाही अशी गाडी रस्त्यावर नाही, आणि एकदा निमित्त सापडलं की डिकी आपलीच. वर्ग खो खो हसायचा आणि मला आणखी चेव यायचा. त्याआधी मी स्वतः रस्त्यावर ड्यूटीला असताना एकदा अशाच एका गाडीत पिस्तूल सापडलं, पेपरात माझा फोटो आला, तो तू शाळेत नेऊन मिरवलास. बाकीच्या डिक्यांमधून काय निघालं ते मी वर्गात कधी सांगितलं नाही. पांघरुणं, बाळाची दुपटी, भाजी, एका म्हाताऱ्याच्या बायकोची औषधं. भर रस्त्यात सगळं उपसलं गेल्यावर त्यांचे चेहरे पडायचे. मी बघायचो आणि ‘जा’ म्हणून हात हलवायचो. वाटायचं, त्यांचं गेलं काय, पाचच मिनिटं.

सोमवारी चौकशी समितीपुढे मला जाणकार म्हणून बोलावलंय. खात्यातले साहेब घरी येऊन गेले, पाठ थोपटली आणि म्हणाले, गाडी थांबवणं नियमाला धरून होतं एवढंच सांगा. ते खोटंही नाही. नियमाला धरूनच होतं, तीच तर रड आहे. पण मी माझी शिकवण्याची वही घेऊन जाणार आहे. तो धडा तिच्यात माझ्याच अक्षरात आहे. त्या पोराने माझंच गिरवलं, हे सांगणार आहे. जुने दोस्त तोंड फिरवतील. फिरवू देत.

हे सगळं तुला तिथे बसून कळलंच असतं. पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. वकील मला विचारणारच, असा बंद दिवा तुमच्या नजरेतून सुटला असता का. खरं बोलायचं म्हटल्यावर तेही बाहेर येईल, आणि ते तू परक्यांमध्ये बसून ऐकू नयेस. त्या मंगळवारच्या आदल्या रविवारी तुम्ही माझ्याकडे जेवून निघालात, तेव्हा मी फाटकात उभा होतो. कोपऱ्यावर जावईबापूंनी ब्रेक दाबला. उजवा दिवा लागला, डावा लागला नाही. ते मला स्वच्छ दिसलं. पण जेवताना मी त्यांना सीटबेल्टवरून टोकलं होतं, आणि तू म्हणाली होतीस, बाबा, निदान घरच्या माणसांना तरी पकडू नका. सगळे हसले, मला मात्र लागलं होतं. तिथून हाक मारली असती तरी तुम्हाला ऐकू गेली असती. मी मनात म्हटलं, सापडतील एखाद्या दिवशी, मग कळेल. आणि फाटकाची कडी लावून आत आलो.

तुझाच,
बाबा