अठ्ठेचाळीस ठोके

औंध, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

डोकं अजून तापलेलंच आहे. आमचा संभा, दादाचा मुलगा, रोज हजार जोर मारणारा पैलवान. पुढच्या आठवड्यात सैन्यभरतीला जायचा होता. आणि कंपाउंडरनं नाडी बघून सांगितलं, मिनिटाला अठ्ठेचाळीसच ठोके, काळीज कमजोर आहे. झालं! दादानं तालीम बंद केली, भरतीही रद्द. म्हणे, "पोरगं हातचं घालवू व्हय?" शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या सख्ख्या भावाला विचारलंसुद्धा नाही.

अरे, अठ्ठेचाळीस म्हणजे कमजोर कसं? नुसते ठोके मोजून काय कळतं? एका ठोक्याला रक्त किती बाहेर पडतं, ते कोण बघणार? आपलं साधारण सत्तर मिलिलिटर, बहात्तर वेळा. म्हणजे मिनिटाला पाच लिटर. कसलेल्या पैलवानाचं हृदय एकेका ठोक्याला शंभराच्या वर ढकलतं. मोठ्या घागरीनं रांजण भरायला खेपा कमीच लागतात. एवढं साधं गणित!

संध्याकाळी सायकल हाणत दवाखान्यात गेलो आणि त्या कंपाउंडरला फैलावर घेतलं. "अठ्ठेचाळीस काय घेऊन बसलास? गुणाकार कुणी करायचा?"

त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "सर, निरोगी माणसाचे ठोके बहात्तर, हे तुमीच शिकवलंय न्हवं? मी ऐंशी म्हणालो तवा हातावर छडी मारली हुती."

मारली होती खरी. आणि गुणाकार? तो मी वर्गात कधी फळ्यावर मांडलाच नाही.