दारातली खुर्ची

किर्कबर्न, ओटागो
१२ फेब्रुवारी १८६६

चि. लॅक्लन यास अ. उ. आ.

डनेडिनची वकिली सांभाळून तू आपल्या गावातून निवडणुकीला उभा राहतोस, ऊर भरून आला. पण समोर उभे आहेत आमचे घरमालक प्रॉबिनसाहेब. बेकरी त्यांची, भट्टी त्यांची. काल पाव घ्यायला जातीने आले. म्हणाले, मतदानाच्या दिवशी अधिकाऱ्यापुढे कोण कुणाचं नाव मोठ्याने घेऊन मत देतो ते मी दारात खुर्ची टाकून ऐकणार. आणि हो, तुझा भाडेपट्टा मार्चअखेर संपतो ना? मी म्हटलं, ऐका की, कान तुमचेच आहेत. तुझी वहिनी एल्स्पेथ तेव्हापासून पीठ मळतेय आणि मला बोल लावतेय.

तुझा दादा,
गिल्बर्ट

डनेडिन
१९ फेब्रुवारी १८६६

ती. गिल्बर्टदादांस सा. न. वि. वि.

दादा, पाया पडतो, त्या दिवशी आजारी पडा. नाहीतर सरळ प्रॉबिनचं नाव घ्या, मला राग नाही. भट्टीपुढे हात भाजून तुम्ही मला वकील केलंत. ती भट्टी विझवून मला आमदारकी नको. निवडून आलोच, तर मत गुप्त करण्याच्या कायद्यासाठी भांडेन.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच राहो.
लॅक्लन

किर्कबर्न
९ एप्रिल १८६६

चि. लॅक्लन यास अ. उ. आ.

अकरा मतांनी आलास! आजारी पडायचं जमलं नाही. चार वेळा खोकून पाहिलं, एल्स्पेथच हसली. मग गेलो आणि तुझं नाव असं ठणकावून घेतलं की प्रॉबिनचा घोडा बिथरला. माझ्यामागचा खाटीक साहेबांचं नाव घ्यायला आला होता. त्याने घसा खाकरला आणि तुझं घेतलं.

पट्टा गेला. नदीकाठी पत्र्याच्या शेडमध्ये नवी भट्टी लावलीय. पाव एका बाजूने करपतो, पण गिऱ्हाईक येतं. आता कायद्याचं बघ.

गिल्बर्ट

वेलिंग्टन
१५ सप्टेंबर १८७०

ती. दादांस सा. न. वि. वि.

कायदा झाला! भांडणारे आम्ही पुष्कळ होतो. एक सभासद म्हणाले, मर्द माणूस मत लपवत नाही. मी विचारलं, त्या मर्दाच्या डोक्यावरचं छप्पर कुणाचं असतं? मग एका बेकरीवाल्याची गोष्ट सांगितली, नाव न घेता. पुढच्या खेपेस पडद्याआड जायचं, नको ते नाव पेन्सिलीने खोडायचं. तुम्ही माझं खोडलंत तरी मला कळायचं नाही!

लोभ करपू देऊ नका.
लॅक्लन

किर्कबर्न
६ फेब्रुवारी १८७१

चि. लॅक्लन यास अ. उ. आ.

या खेपेस दीडशेने आलास. म्हणजे मागच्या वेळी किती जणांनी मन मारून साहेबांचं नाव घेतलं होतं बघ!

माझं मात्र हसं झालं. पडद्याआड गेलो, प्रॉबिनचं नाव खोडलं. तुझं उरलं. ते पाहिलं आणि जुन्या सवयीने तोंडातून मोठ्याने निघून गेलं. अधिकारी खेकसला, सख्ख्या भावाचा कायदा मोडता? खाटीक पोट धरून हसला.

प्रॉबिनसाहेबही सवयीने दारात खुर्ची टाकून बसले होते. दिवसभरात त्यांना ऐकू आलं ते एवढं एकच मत.

घरी ये. करपलेली बाजू तुझ्यासाठी ठेवलीय.
गिल्बर्ट