साईटवर न्यायचं घडीचं टेबल

सोमवार, ४ फेब्रुवारी १९५७
आमच्या मालकांची कंबर गेली. सुतार माणूस, खाली बसून, फळी पायाखाली दाबून करवत चालवतो. तिशीत चालतं, पन्नाशीत न्हाई. निमगाव सावाच्या शाळेच्या खिडक्या शनिवारपर्यंत झाल्या न्हाईत तर काम दुसऱ्या सुताराला, असं अजीज मुकादम सांगून गेले. मी ठरवलं, उभ्यानं कापायचं टेबल करायचं. घडीचं. साईटवर न्यायचं, उघडायचं, काम झालं की मिटायचं. मी चौथी नापास, पण डोकं शाबूत हाय. एका दिवसाचं काम.

मंगळवार
पाय बाभळीचे केले. मजबुती पाहिजे. बिजागऱ्या कपाटाच्या काढल्या. दारावाचून कपाटाचं काही अडत न्हाई. जाऊबाई चिमाबाई विचारत्यात, टेबल करतीस का मांडव घालतीस? मी उत्तर दिलं न्हाई. म्हंजे दिलं, पण लिहिण्याजोगं न्हाई.

बुधवार, दुपार
टेबल झालं. उघडलं. मिटंना. बिजागऱ्या उलट्या बसल्या. चूक माझी न्हाई, घाईची.

गुरुवार
मिटतंय. उचलत न्हाई. बैलगाडीत चढवायला चार गडी लागले. घडीचं म्हणाले व्हते मी, हलकं कुठं म्हणाले?

शुक्रवार
साईटवर टेबल उघडलं. गवंडी थापी टाकून बघाय आले. मालकांनी टेबलाभोवती एक फेरी मारली, वहाणा काढल्या आन् वर चढून बसले. फळी पायाखाली, करवत हातात. मी म्हणाले, अवो, उभं राहून कापायचंय.
"उभ्यानं फळी कशानं धरू? दातानं?"
तीस वर्षं बघतीय, करवत हातात तर फळी पायात. टेबल करताना मातूर पाय फक्त टेबलाचे ध्यानात व्हते. दहाव्या ओढीला बिजागरी मिटली. घडी झाली, मालकांसकट. कंबर सोडून कुठं लागलं न्हाई.

शनिवार, संध्याकाळ
दोन खिडक्या राहिल्या व्हत्या. मालकांच्यानं पायानं फळी दाबवंना. फळी जमिनीवर टाकली आन् मला म्हणाले, "तू त्या टोकावर बस. हलू नको. बोलूबी नको."
बसले. फळी तसूभर सरकली न्हाई. दिवस बुडायच्या आत खिडक्या झाल्या. मुकादमांनी दारांचंबी काम दिलं. वर माझ्याकडं बोट करून म्हणाले,
"मिस्त्री, हे टेबल लई बेस. आपल्या पायानं साईटवर येतं."
गवंडी हसले. दाराची पहिली फळी अर्धी कापायची व्हती, म्हणून मी हसले न्हाई.
सोमवारी सातला बोलावलंय. बसायला.