गेटसमोरच्या दगडाबाबत माझी शेवटची इच्छा

तिन्ही पाळ्यांच्या कामगार बंधूंनो आणि माझ्या नातेवाइकांनो,

आपल्याला न विचारता आपल्या नावाने दुसरेच कोणीतरी बोलते, ही आपली जुनी तक्रार आहे. मेलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे फारच सोपे होते. म्हणून मी, रंगराव भिमाजी काळोखे, वय एकसष्ट, निवृत्त टर्नर, राहणार चिंचवड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय थकले आहे, डोके जागेवर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलूनही लिहून घेतलेले नाही. खालील मिळकत माझ्या स्वतःच्या कमाईची आहे. वडिलार्जित त्यात काही नाही.

१. राहते घर सामानासह माझी पत्नी मंजुळाबाई हिला द्यावे. घरातला देव्हाराही तिचाच. मी उभा जन्म गेटवर देवाविरुद्ध बोललो आणि घरी येऊन तिने झाकून ठेवलेले ताट जेवलो. तिने मला कधी पुरावा दिला नाही, मी कधी मागितला नाही. माझ्या मतांचे निमित्त करून त्या देव्हाऱ्याला कोणी हात लावू नये.

२. पुस्तके युनियनच्या खोलीत ठेवावीत. मायक्रोमीटर आणि व्हर्निअर पुतण्या साहेबराव याला द्यावेत. तो देवळाच्या कमिटीत आहे. मोजून पाहण्याची सवय लागली तर त्याचे भलेच होईल.

३. कंपनीच्या गेटसमोर, रस्त्यापलीकडे, माझी अर्धा गुंठा जागा आहे. तिच्यावर नूरमोहम्मद याचे सायकल दुरुस्तीचे पत्र्याचे दुकान आहे आणि दुकानापुढे तो दगड आहे. ही जागा मी नूरमोहम्मदला देत आहे. कारणही मीच लिहून ठेवतो, नाहीतर तेही दुसरेच कोणी लिहील.

दगड नूरमोहम्मदचा आहे. वाकडी रिम ठोकून सरळ करता यावी म्हणून त्याने तो छिन्नीने वरून सपाट केला. बहात्तरच्या संपात गेटवर मी लोकांना दिसेना, तेव्हा त्यानेच तो रस्त्याकडे सरकवला आणि म्हणाला, "यावर चढा, काळोखेसाहेब. रिमा काय, जमिनीवर ठोकीन." त्या दगडावर उभा राहून मी मालकावर बोललो आणि लोकांना कंटाळा आला की देवावर बोललो. संप मिटला, करार झाला. त्या वर्षी खंडेनवमीला लोकांनी मशिनींना हार घातले आणि उरलेला हार दगडाला घातला. मला ते आवडले. हत्यार पुसावे, त्याचा मान ठेवावा, ही आपली चांगली रीत आहे. पण दसरा झाला तरी हार निघाला नाही. दिवाळीत शेंदूर लागला. पुढच्या वर्षी नाव मिळाले: गेटोबा. मग वर कापडी मंडप आला आणि देवळाची कमिटी झाली. ज्या दगडावरून मी देव नाही असे सांगितले, तो दगडच देव झाला. यावर हसण्याइतकी ताकद तेव्हा माझ्यात होती.

कमिटीचे अध्यक्ष उद्धवराव, आमच्या मशिन शॉपचे फोरमन, यांनी मला पुरावे दिले. ते मी त्यांना परत करतो.

पहिला पुरावा कारणाचा. "कारणाशिवाय काही होतं का रंगराव? करार झाला, मग त्याला कारण पाहिजे."

"लोक उन्हात बसले, ते कारण."

"त्यांना बसवलं कुणी?"

"युनियननं."

"युनियनला कुणी उभं केलं?"

"रिकाम्या डब्यांनी."

"अन् डबे रिकामे कुणी केले?"

इथे मला तहान लागली आणि मी पाणी प्यायला थांबलो. मी जिथे थांबलो तिथे त्यांनी देव बसवला. मोठमोठ्या ग्रंथांतही मी हेच पाहिले आहे. बोलणारा जिथे दमतो तिथे पहिले कारण सापडते.

दुसरा पुरावा निगडीच्या अर्जुनरावांचा. हे आमचे शिकलेले सुपरवायझर. मनात येऊ शकेल अशी सर्वांत परिपूर्ण वस्तू म्हणजे देव. नसणे हा दोष आहे. परिपूर्णाला दोष नसतो. म्हणून तो आहेच. मी त्यांना म्हणालो, "साहेब, एक परिपूर्ण करार माझ्या मनात कैक वर्षं आहे. त्यात कँटीनच्या आमटीत डाळसुद्धा आहे. तो नसेल तर परिपूर्ण कसला? तेव्हा तो झालेलाच आहे, एवढं मॅनेजरांना पटवून द्या." ते म्हणाले, "तुम्ही विषय खाली आणता." विषय खालीच असतो, साहेब. पोट कुठे असते?

या श्रावणात माझे हृदय बिघडले तेव्हा कमिटी म्हणाली, कोप झाला. मी इस्पितळातून घरी आलो तेव्हा म्हणाली, कृपा झाली. मधल्या काळात डॉक्टरांनी काय केले ते कोणी विचारले नाही.

हे सगळे मी चालवून घेतले असते. माणसाला दिवसभर मशिनपुढे उभे राहून संध्याकाळी कुठेतरी हात जोडावेसे वाटतात, हे मला कळते. पण दिवाळीनंतर उद्धवराव आणि साहेबराव माझ्या खाटेशी आले. म्हणाले, आता मंडप पक्का करायचा आहे, दुकान तिथून हलवायला हवे. देवाच्या दारात त्याचं दुकान बरं दिसत नाही, असे साहेबराव म्हणाला. 'त्याचं' म्हणजे काय ते त्याने सांगितले नाही, मलाही विचारायची गरज पडली नाही.

मी म्हणालो, "हा दगड इतका सपाट आपोआप झाला का?"

उद्धवराव खूश झाले. "तेच तर म्हणतो मी. इतकं नेटकं काम. घडवणारा असल्याशिवाय होतं का?"

"घडवणारा आहे ना. पंक्चर काढतोय. त्यालाच उठवायला निघालात तुम्ही."

उद्धवरावांनी खुर्ची खाटेजवळ ओढली. मग म्हणाले, "आता वय झालं, रंगराव. मानून टाका. देव नसलाच, तर मानून काय बिघडलं?"

नूरमोहम्मदचे दुकान बिघडले. या पुराव्यात पैज एक जण लावतो आणि हरला तर भरतो दुसराच. मी आयुष्यात पुष्कळ वाचले, पण हे एवढे एक वाक्य मला कोणत्याही ग्रंथात न सापडता खाटेवर सापडले.

नूरमोहम्मद स्वतः नमाजी माणूस आहे. त्याच्या देवाबद्दलही मी हेच प्रश्न विचारायचो, तेव्हा तो म्हणायचा, "तुम्ही बोला, माझं पंक्चरचं सोल्युशन वाळतंय." काल मात्र तो म्हणाला, "जाऊ द्या साहेब. मी देहूरोडला बघतो जागा. तुमच्या मागं भांडण नको." घरी त्याची मुलगी परवीन लग्नाची आहे, आणि त्याच्या हाताला दुसरे काम येत नाही. ज्याने मला उभे राहायला जागा दिली, त्याला मी बसायची जागा देत आहे. साहेबरावने कोर्टात जायचे ठरवले तर त्याने हे कलम न्यायाधीशांपुढे मोठ्याने वाचावे.

४. माझ्या देहाला अग्नी द्यावा. दहावा, तेरावा करू नये. मंजुळाबाईला करावासा वाटला तर मात्र तिला अडवू नये. माझा फोटो त्या दगडाशेजारी लावू नये. अंमलबजावणी युनियनचे दत्तोबा करतील.

५. बंधूंनो, बोलून बोलून मी थकलो आहे, तेव्हा एकच काम सांगतो. माझी बातमी येईल त्या दिवशी पहिली पाळी सुटली की गेटवर थांबा. फुले आणू नका, रॉकेल आणि चिंध्या आणा. दगडावरचा शेंदूर पुसा. नूरमोहम्मदला शेंदराला हात लावू देऊ नका. शेंदूर आपण लावला, आपणच पुसायचा. मग दगड उचलून त्याच्या दुकानात, रिमा ठोकायच्या जागेवर नेऊन ठेवा.

सही: रंगराव भिमाजी काळोखे

आमच्यासमक्ष सही केली:
१. सुमनताई धोंडीबा गराडे, शिक्षिका, चिंचवड
२. शफी अहमद शेख, कंपाउंडर, पिंपरी

स्थळ: चिंचवड
दिनांक: १८ नोव्हेंबर १९७९