जीव धोक्यात असेल तरच

३ नोव्हेंबर, अमरावती

आले एकदाची! तेल्हाऱ्याहून निघताना आई डोळे पुसत होती आणि बाबा चार घरी सांगत फिरत होते की आमच्या आचलला अमरावतीला कंपनीत नोकरी लागली. खोली झकास आहे. घरमालकीण वच्छलाकाकू एकट्याच राहतात. मोर्शीकडे त्यांची संत्र्याची बाग आहे, तोडणीच्या दिवसांत त्या तिकडेच असतात. आल्याआल्या त्यांनी सूपभर संत्री पुढ्यात ठेवली आणि अजून लग्न काहून नाही केलं म्हणून विचारलं. म्हटलं, चला, ओळख झाली.

५ नोव्हेंबर

माझं काम सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. आमच्या कंपनीचं ‘पाठराखण’ नावाचं ॲप आहे. घरातलं कोण आत्ता कुठे आहे ते फोनवर दाखवतं. मीही माझ्या फोनवर टाकलं आहे, आई तिकडून बघत बसते. पोलिसांना कोणाची माहिती हवी असली की ते कंपनीला लिहितात आणि ते पत्र आमच्या टेबलावर येतं. कोर्टाचा आदेश मागवून, वकिलांना दाखवून, सगळं सावकाश. पण कोणाचा जीव धोक्यात असेल तर ती ‘तातडीची विनंती’. मग आदेश लागत नाही. पत्रावर जो नंबर असेल त्यावर फोन करून खात्री करायची आणि पत्ता देऊन मोकळं व्हायचं. ज्याचा पत्ता दिला त्याला काही कळवायचं नाही. आम्हालाही वापरणाऱ्याचं नाव दिसत नाही, नुसता नंबर दिसतो. ही म्हणे गोपनीयता!

गजेंद्र सर आमचे साहेब. विचार करत बसणारी माणसं त्यांना नकोत, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. शेजारच्या टेबलावरचा शिवम त्यांचा लाडका आहे, कारण तो विचार करतच नाही. सगळ्यांत जलद कोण, त्याचा एक फळा भिंतीवर आहे आणि शिवमचं नाव कायम वर असतं. बघतेच त्याच्याकडे.

१२ नोव्हेंबर

आज मी एक जीव वाचवला!

पत्र सरकारी ई-मेलवरून आलं होतं, खाली शिक्का, इन्स्पेक्टर देवमन यांची सही. प्रतीक्षा नावाची बाई घरातून निघून गेली आहे, जीव देणार असं लिहून गेली आहे, नवरा रडून वेडा झाला आहे. ऑफिसचा फोन बंद पडला होता, म्हणून मी माझ्याच मोबाइलवरून लावला. खरं सांगते, समोरचा पुणेरी बोलला असता तर मी त्याला दहा प्रश्न विचारले असते. हा तर आमच्या घरातल्यासारखा बोलत होता. म्हणाला, बाई, पोरगी जीव देऊन राह्यली अन् तुमी कागद पाहून राह्यल्या काय? गाव विचारलं. तेल्हारा म्हटल्यावर म्हणाला, मंग तं तुमी आमच्या बहीणच झाल्या. मी विरघळलेच. पातूरची गल्ली, दुसरा मजला, सगळं सांगितलं.

फळ्यावर माझ्या नावापुढे चांदणी लागली. शिवमचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. काकूंसाठी पेढे आणले.

१४ नोव्हेंबर

सकाळी मदत-कक्षातून एक तक्रार आमच्याकडे आली. त्या प्रतीक्षाचीच. तिनं लिहिलं होतं, मी नवऱ्यापासून लपून राहते, काल तो माझ्या गल्लीत उभा होता. मी कुठे आहे हे तुम्ही कोणाला सांगितलं का? आईला काळजी वाटते म्हणून ॲप ठेवलं आहे, ते काढून टाकू का?

गजेंद्र सरांना दाखवलं. ते म्हणाले, ठरलेलं उत्तर पाठव. ‘आपली सुरक्षितता आमच्यासाठी महत्त्वाची आहे. आपल्या प्रश्नाबाबत माहिती देता येत नाही.’ पाठवलं.

दुपारी देवमनसाहेबांचं दुसरं पत्र. ती तिथून पळाली, लवकर करा. ऑफिसचा फोन अजून बंदच, म्हणून मोबाइलवरूनच लावला आणि तक्रारीचं विचारलं. ते शांतपणे म्हणाले, ताई, तिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, नवऱ्याले दुश्मन समजते, आज काही झालं तर तुमच्या माथी. मी घाबरले. ॲपवर ती आता अकोल्यात दिसत होती, तो पत्ता दिला. पुन्हा चांदणी. या वेळी पेढे आणले नाहीत.

१६ नोव्हेंबर

पेपरात आहे. अकोल्यात मावशीच्या घरी विवाहितेचा खून, नवरा फरार. नाव प्रतीक्षा.

मोबाइलवरच्या बातमीत नवऱ्याचा जुना व्हिडिओ दाखवला, कुठल्याशा सत्कारात भाषण करताना. तोच आवाज. इन्स्पेक्टर वगैरे कोणी नव्हताच. ठाण्याचा खरा नंबर शोधून लावला, तिथे देवमन नावाचा माणूसच नाही. ई-मेलचा पासवर्ड कोणीतरी चोरला होता. हा नंबर मी आधी शोधायला हवा होता. मी पत्रावरचाच नंबर लावला, म्हणजे खुन्यालाच विचारलं की तुम्ही खरे का.

मारलं मी तिला. दोनदा पत्ता देऊन.

१८ नोव्हेंबर

गजेंद्र सर म्हणाले, कुठे लिहू नकोस, आपल्याकडे ‘जीव वाचला’ म्हणून प्रकरण बंद आहे. ऑफिसच्या फोनवरचं बोलणं टेप होतं, माझ्या मोबाइलवरचं नाही. म्हणजे त्या पत्रामागचा आवाज नवऱ्याचाच, हे सांगणारी मी एकटी.

काल सुट्टी टाकून पोलिसांत गेले, जबाब दिला. खऱ्या पोलिसांनी त्या खोट्या पत्रांची माहिती मागायला कंपनीला पत्र लिहिलं. ते आज आमच्याच टेबलावर आलं. सरांनी वाचलं आणि साध्या गठ्ठ्यात टाकलं. बाई तर मेली, म्हणाले. आता कोणाच्या जीवाला धोका नाही, मग तातडी कसली?

१९ नोव्हेंबर

त्याचा फोन आला. माझा नंबर मीच दिलेला ना. अजिबात चिडला नाही. ताई, तुमी पोलिसात गेल्या म्हणे, काहून? आमी तुमाले बहीण म्हटलं होतं. ठाण्याची ई-मेल तो अजून वाचतोच आहे की काय?

पोलिसांना कळवलं. नोंद घेतली म्हणाले. फोन बंद करून टाकला. काकूंना सगळं सांगायची लाज वाटली. जीव नकोसा झालाय एवढंच बोलले. त्यांनी कुशीत घेतलं. म्हणाल्या, चाल माह्यासंग बागेत.

२१ नोव्हेंबर, मोर्शीजवळ

सकाळी आईशी बोलायला फोन चालू केला. बरं वाटलं. दुपारी शिवमला लावला, खऱ्या पोलिसांचं पत्र पुढे सरकलं का विचारायला.

नाही सरकलं. पण शिवम खुशीत. सकाळी त्यानंही एक जीव वाचवला. एक पोरगी घरातून निघून गेली आहे, फाशी घेणार आहे, ॲपवर मोर्शीजवळ संत्र्याच्या बागेत सापडली. इन्स्पेक्टर भला माणूस, आपल्या इकडचाच—

नंबर वाचायला सांगितला.

माझा. पत्रात नाव भलतंच, नंबर माझा.

शिवम म्हणाला, गेलं ते, आता परत घेता येत नाही.

११२ ला लावला. गाडी निघते आहे म्हणाले—

बाहेर गाडी. इतक्यात? पोलिसांची नाही, पांढरी—

काकू फाटकाशी. तो हात जोडून बोलतोय. आवाज— तोच. काकू रडताहेत. बरं झालं साहेब तुमी आले, पोरगी दोन दिसांपासून जेवली नाही, जीवाचं काई करून घेईन—

काकू नको— खिडकीतून हात हलवले, पाहिलंच नाही त्यांनी—

फाटक उघडलं त्यांनी. आतल्या खोलीत हाये म्हणाल्या. कडी लागत नाही या दाराची— खाट सरकवली—

पावलं. काकूंची पुढे. आचल, उघड व माय, तुले वाचवायले आ