जवळ कोणी आहे का?

३ जून
आजपासून वेब डेस्क माझा! पहिलं फर्मान—बातमी झाली की लगेच अलर्ट. बातमी सॉफ्टवेअर लिहितं. मी मथळा बघते, बटण दाबते.

४ जून
उपसंपादक काकांचं खूळ कळलं. अपघातात गेलेल्यांची नावं आली की आधी हे त्यांच्या घरी फोन लावतात. घरच्यांना बातमीतून कळू नये म्हणे! पहिला प्रश्न ठरलेला—"जवळ कोणी आहे का?" मग घसा खाकरणार, हळूहळू सांगणार... तोवर बाकीच्यांचे अलर्ट केव्हाच गेलेले. वरातीमागून घोडं! मीटिंगमध्ये मी त्यांची हुबेहूब नक्कल केली. सगळे पोट धरून हसले. काका चष्मा पुसत बसले. मजा आली.

७ जून
आईच्या मोबाइलवर आपलं अ‍ॅप टाकून दिलं, आवाज मोठा ठेवून. अलर्ट वाजला की शेजारणीला दाखवते—माझ्या लेकीने पाठवलाय. धाकट्या भावाने फोनवर चिडवलं, आता आईला जगातली सगळी संकटं घरबसल्या कळणार. पुढच्या रविवारी येतोय. बघते त्याच्याकडे.

११ जून
काकांना महिन्याची नोटीस. पत्र मीच लिहिलं. 'वेगाशी जुळवून घेऊ शकत नाहीत'—काय वाक्य जमलंय! म्हाताऱ्याने दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि पुन्हा कामाला लागला. कातडी गेंड्याची.

१४ जून
दुपारी बस दरीत कोसळली. सहा गेले. हॉस्पिटलमधून यादी आली, खाली घरच्यांचे नंबर. सॉफ्टवेअरने क्षणात नावांसकट बातमी केली. काका यादी घेऊन फोनला चिकटलेले. पाच घरं झाली, एक नंबर सारखा एंगेज. हात वर करून मला म्हणाले, "दहा मिनिटं थांब."
त्यांच्याकडे बघत बघतच बटण दाबलं! सगळ्यांच्या चार मिनिटं आधी. डेस्कवर टाळ्या. काकांनी फोन खाली ठेवला.

१७ जून
मला चकित करायचं म्हणून धाकटा दोन दिवस आधीच निघाला होता. यादीत चौथं नाव. मी यादी उघडलीच नव्हती.
तो एंगेज नंबर आईचा. काकांना ते ठाऊकही नव्हतं. आई त्यालाच फोन लावत होती, कुठवर आलास म्हणून. अलर्ट तिच्या कानाशीच वाजला. घरात एकटी होती.
मला एवढंच विचारलं—"हे तूच पाठवलंस ना?"
हो म्हणाले.